सोनेगावावरून गेलेले

नागपूरच्या नैर्ऋत्येस, भोसल्यांच्या काळातील तलावाच्या पलीकडे, सोनेगावचा विमानतळ आहे. आज त्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव आहे आणि आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी मुले तेथूनच बंगळूरला, दुबईला, परदेशी शिक्षणाला जातात. त्यांना पोचवावयास आपण जातो, दाराशी उभे राहून हात हालवतो आणि विमान वर गेले की घरी परततो. ज्या भूमीवरून ते विमान उडाले, ती भूमी विमानांस किती जुनी सरावलेली आहे, हे आपल्या मनात सहसा येत नाही. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१७-१८ साली, ब्रिटिश लष्करी विमानांसाठी हे मैदान प्रथम तयार झाले. दुसऱ्या महायुद्धात जुन्या इमारतींची डागडुजी होऊन तेथे ब्रिटनच्या शाही वायुदलाचा मुक्कामाचा तळ झाला. इंग्रज गेल्यावर तो स्वतंत्र भारताच्या हाती आला.

मुक्कामाचा तळ नागपुरास का, याचे उत्तर नकाशा देतो. मुंबई येथून सरळ रेषेत सुमारे सातशे किलोमीटर, दिल्ली साडेआठशे, मद्रास नऊशे आणि कलकत्ता साडेनऊशेच्या आसपास. पश्चिमेकडून ब्रह्मदेशाच्या आघाडीकडे जाणाऱ्यास वाटेत उतरावयाचे, पेट्रोल भरावयाचे, इंजिन तपासावयाचे तर देशाच्या मध्यासारखी जागा दुसरी कोणती? त्याच वर्षांत आपल्या विदर्भात आणखीही धावपट्ट्या झाल्या. गोंदियाजवळची बिरसीची धावपट्टी १९४० मधली, अकोल्याजवळची शिवणीची १९४३ मधली. कापसाच्या आणि धानाच्या शेतांमधून महायुद्धाची वाट अशी आखली गेली होती. नागपुरातून जे वैमानिक पुढे गेले, त्यांतील कितीजण त्याच वाटेने परतले, याचा हिशेब येथील मातीने ठेवलेला नाही.

आमच्या घरात मात्र एका माणसाने आपल्यापुरता तो हिशेब ठेवला होता. ते आमचे मामा. एम्प्रेस मिलमध्ये ते फिटर होते. १९४२ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, ते वायुदलात भरती झाले. देशभक्ती, राजनिष्ठा असे मोठे शब्द त्यांच्या तोंडी कधी आले नाहीत. घरात पाच बहिणी होत्या आणि वायुदलात पगार बरा होता, एवढेच कारण ते सांगत. इंजिनांचे काम शिकवून त्यांना बंगालमध्ये, मिदनापूर जिल्ह्यातील सालबोनीच्या तळावर पाठविण्यात आले. तेथे शाही वायुदलाची लिबरेटर जातीची बॉम्बफेकी विमाने होती आणि त्यांच्या इंजिनांची निगा राखणाऱ्यांत गोऱ्यांच्या बरोबरीने आपल्याकडील अनेक मुले होती.

१९४३ ते १९४५ या काळात बंगालच्या त्या पट्ट्यात तळांची एक माळच उभी राहिली. सालबोनी, दिगरी, धुबालिया येथे ब्रिटिश विमाने. खरगपूर, कलाईकुंडा, चाकुलिया, पियारडोबा येथे अमेरिकनांची बी-२९ ही त्या काळची सर्वांत अवजड बॉम्बफेकी विमाने. त्या विमानांना दीड-दोन किलोमीटरहून लांब, पक्क्या धावपट्ट्या हव्या होत्या. ती खडी फोडली कोणी? खेड्यांतील बायामाणसांनी. डोक्यावर टोपल्या घेऊन, रांगा लावून, रोजंदारीवर. ज्यांच्या जमिनी तळांसाठी घेतल्या गेल्या, अशी हजारो कुटुंबे बंगालमध्ये बेघर झाली. आणि हे सारे घडत होते ते बंगालच्या महादुष्काळाच्या काळात, ज्यात सुमारे तीस लाख माणसे भूक आणि रोगराई यांनी मेली, असे मानले जाते. मामा म्हणत, “तळावर आम्हांस दोन वेळा जेवण होते. कुंपणाबाहेर भाताच्या पेजेसाठी हात पसरलेले असत. त्या तळाची आठवण सांगावयाची तर आधी कुंपणाची सांगावी लागेल.”

लिबरेटर विमानाविषयी मात्र ते कारागिराच्या ममतेने बोलत. चार इंजिने, प्रत्येकास चौदा सिलिंडर आणि बाराशे अश्वशक्ती. पंखांचा पसारा तेहतीस मीटरांहून अधिक. अमेरिकेत या जातीची अठरा हजारांहून अधिक विमाने बांधली गेली. आत आठ ते दहा माणसे: वैमानिक, दिशादर्शक, बिनतारी यंत्र सांभाळणारा, बॉम्ब सोडणारा, बंदुकांवर बसणारे. बहुतेकांची वये वीस ते पंचवीस. कोणी स्कॉटलंडचा, कोणी कॅनडाचा, कोणी ऑस्ट्रेलियाचा. ब्रह्मदेश, सयाम, मलाया इथवर समुद्रावरून जाऊन परत यावयाचे म्हणजे बारा-पंधरा तास. १९४४ च्या ऑक्टोबरात दिगरीची लिबरेटर विमाने पेनांग बंदरात सुरुंग पेरून आली. जाऊन-येऊन सुमारे तीन हजार मैलांचा तो प्रवास होता आणि त्या खेपेस सारी विमाने परतली.

प्रत्येक खेपेस असे घडत नसे. संध्याकाळी विमाने गेली की मामा मोजत आणि पहाटे परतीच्या वेळी पुन्हा मोजत. सर्व तळांवर सारे फिटर हेच करीत. आकडा जुळला की चहा, न जुळला तर थोडी वाट, मग आणखी थोडी. पेट्रोल किती तास पुरेल हे फिटरला ठाऊक असते. म्हणून आशा कधी सोडावयाची, हेही त्यालाच सर्वांआधी कळते. ज्या विमानाचे इंजिन आपल्या हाताने जुळविले, ते परत आले नाही म्हणजे काय होते, हे त्यांनी आम्हांस सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही.

ही सारी परक्यांचीच माणसे होती असेही नव्हे. १९४२ च्या अखेरीस हिंदी वायुदलाची सातवी आणि आठवी अशी दोन पथके उभी राहिली. त्यांच्याकडे व्हेंजन्स जातीची, जवळजवळ सरळ खाली झेपावून बॉम्ब टाकणारी दोन माणसांची विमाने होती. आठव्या पथकाने आराकानात आणि सातव्याने १९४४ मध्ये आसामातून, इंफाळला जपान्यांचा वेढा पडला असता, कामगिरी केली. सातव्या पथकाचे नेतृत्व पुढे प्रताप चंद्र लाल यांच्याकडे आले, तेच लाल १९७१ च्या युद्धात भारतीय वायुदलाचे प्रमुख होते. १९४० साली प्रशिक्षणासाठी इंग्लंडला गेलेल्या हिंदी वैमानिकांपैकी शिवदेव सिंग यांनी तर चार इंजिनांचे स्टर्लिंग विमान घेऊन युरोपातील बॉम्बहल्ल्यांत भाग घेतला. तेव्हा ‘ते’ आणि ‘आपण’ यांच्यातील रेघ त्या आकाशात आपल्याला वाटते तितकी स्पष्ट नव्हती.

आता खालच्यांचे पाहू. लिबरेटरांचे एक मोठे लक्ष्य होते सयाम-ब्रह्मदेश रेल्वे. जपान्यांनी ती सुमारे साठ हजार युद्धकैदी आणि त्यांहून कितीतरी अधिक आशियाई मजूर यांच्याकडून बांधून घेतली. त्या मजुरांत मलायातील तमिळ कुटुंबांतील माणसे फार मोठ्या संख्येने होती. बारा हजारांहून अधिक कैदी आणि बहुधा नव्वद हजारांच्या आसपास मजूर त्या कामावर मेले. या रेल्वेवर आणि क्वाई नदीवरील पुलावर दोस्तांच्या विमानांनी बॉम्ब टाकले, तेव्हा रुळांलगतच्या छावण्यांत असलेले दोस्तांचेच कैदी मारले गेले. ज्यांना सोडवावयाचे त्यांच्यावरच बॉम्ब पडले. विमानाचे नाव ‘लिबरेटर’, म्हणजे मुक्तिदाता! हे मामांना युद्धानंतर कित्येक वर्षांनी कळले. त्या दिवशी ते जेवले नाहीत, असे आमची मामी सांगे.

आणि आपणां कॅथोलिकांना ज्या गावाचे नाव ऐकताच मान खाली घालावीशी वाटते, त्या नागासाकीवर १० ऑगस्ट १९४४ च्या रात्री, म्हणजे अणुबॉम्बच्या जवळजवळ एक वर्ष आधी, बी-२९ विमानांनी हल्ला केला होता. ती विमाने बंगालच्या तळांवरची होती. चीनमधील चेंगडू येथे पेट्रोल घेऊन ती पुढे गेली. दुष्काळग्रस्तांनी खडी टाकलेल्या धावपट्टीपासून उराकामीच्या कॅथेड्रलच्या गावापर्यंत अशी एक सरळ वाट जात होती.

मामा १९४६ साली घरी आले. पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून त्यांनी एक प्रघात सुरू केला. नोव्हेंबर हा आपल्याकडे मृतांच्या स्मरणाचा महिना. चर्चमधील पेटीत आपण आपापल्या मृतांच्या नावांची चिठ्ठी टाकतो आणि महिनाभर त्यांच्यासाठी मिस्सा अर्पण होते. मामांच्या चिठ्ठीत आजी-आजोबांच्या नावांखाली दोन ओळी असत: ‘विमानांतून गेले ते. विमानांखाली होते ते.’ नावे नाहीत, देश नाही, धर्म नाही. एका फादरांनी एकदा विचारले, “हे कोण?” मामा म्हणाले, “फादर, मला त्यांची नावे ठाऊक नाहीत. ज्याला ठाऊक आहेत त्याच्याकडेच चिठ्ठी जावयाची आहे ना?” फादर हसले आणि चिठ्ठी पेटीत गेली.

मामांच्या मागे ती चिठ्ठी लिहिण्याचे काम आमच्याकडे आले. गेल्या नोव्हेंबरात आम्ही ती लिहीत असता मामांचा नातू शेजारी बसला होता. इतिहासाचा विद्यार्थी. त्याने चिठ्ठी वाचली आणि म्हणाला, “काका, रागावू नका, पण हे मला पटत नाही. १९४२ च्या ऑगस्टमध्ये बिहारात लोकांच्या जमावांवर विमानांतून मशीनगन चालविली गेली. त्याच महिन्यात आपल्या चिमूरला काय झाले? १९ जानेवारी १९४३ ला याच नागपूरच्या तुरुंगात शंकर महाले फासावर गेला. अठरा वर्षांचा होता. त्याच सरकारच्या वैमानिकांसाठी आपण नागपुरात मिस्सा सांगावयाची? इंग्रजांची माणसे इंग्रज आठवतील.”

प्रश्न उद्धटपणाचा नव्हता, वेदनेचा होता. शिवाय त्यातील एकही तपशील खोटा नव्हता. त्यास उडवाउडवीचे उत्तर देणे आम्हांस योग्य वाटले नाही. म्हणून त्याला जे सांगितले ते येथे थोड्या विस्ताराने मांडीत आहोत, कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही.

पहिली गोष्ट, इंग्रजांनाही आपली ही माणसे आठवणे सोपे गेलेले नाही. ब्रिटनच्या बॉम्बर कमांडमधील सुमारे सव्वा लाख वैमानिक-सैनिकांपैकी ५५,५७३ जण मारले गेले. जवळजवळ शंभरांत चव्वेचाळीस! इंग्लंडच्या पूर्वेकडील सपाट शेतांत, लिंकनशायर परगण्यात, अशा तळांची गर्दी होती. आज तेथे पुष्कळ ठिकाणी नांगर फिरतो आणि मध्येच काँक्रीटचा एखादा पट्टा उघडा पडतो. तरीही या माणसांसाठी लंडनमध्ये राष्ट्रीय स्मारक उभे राहावयास २०१२ साल उजाडले. कारण त्यांच्या बॉम्बखाली हॅम्बुर्ग, ड्रेस्डेन यांसारखी शहरे जळाली होती, लाखो सामान्य माणसे मेली होती आणि विजयानंतर त्याविषयी बोलणे सर्वांनाच अवघड झाले होते. शेवटी जे स्मारक झाले, त्यावर १९३९ ते १९४५ या वर्षांत बॉम्बहल्ल्यांत प्राण गमावलेल्या सर्व राष्ट्रांतील माणसांचेही स्मरण कोरलेले आहे. म्हणजे वरच्यांचे आणि खालच्यांचेही. आमच्या मामांच्या दोन ओळी लंडनच्या दगडावर पासष्ट वर्षांनी उमटल्या, असे म्हटले तर ते आमचे मामाप्रेम समजून वाचकांनी क्षमा करावी. पण विचार तोच आहे.

दुसरी गोष्ट, स्मरण करणे म्हणजे समर्थन करणे नव्हे. मृतांसाठी आपण प्रार्थना करतो ती ते निर्दोष होते म्हणून नव्हे. निर्दोषांना आपल्या प्रार्थनेची गरज कोठे असते? जे अपुरे राहिले, ज्यांच्या हातून बरेवाईट घडले, ज्यांना पश्चात्तापास वेळच मिळाला नाही, त्यांच्यासाठीच नोव्हेंबर महिना आहे. बावीस वर्षांच्या मुलाने रात्रीच्या अंधारात, न दिसणाऱ्या गावावर, दुसऱ्याच्या हुकुमाने कळ दाबली आणि तासाभरात तोच समुद्रात बुडाला. त्याचा निवाडा करण्याचे काम आपल्याकडे दिलेले नाही, याबद्दल आपण आभारच मानावेत.

तिसरी गोष्ट आम्ही त्याला उदाहरणाने सांगितली. ग्रुप कॅप्टन लेनर्ड चेशायर हे ब्रिटनचे अत्यंत नावाजलेले बॉम्बर वैमानिक. शंभरांवर मोहिमा आणि १९४४ साली व्हिक्टोरिया क्रॉस. त्याच वर्षी फ्रान्समधील लिमोज येथील कारखान्यावर हल्ला करावयाचा होता. आत रात्रपाळीच्या फ्रेंच कामगार स्त्रिया होत्या. चेशायर यांनी बॉम्ब टाकण्याआधी कारखान्यावरून अगदी खालून पुन्हा पुन्हा विमान नेले, त्या स्त्रियांना पळून जाण्याची खूण कळावी म्हणून. आणि मगच हल्ला केला. ९ ऑगस्ट १९४५ रोजी ब्रिटनचे निरीक्षक म्हणून ते विमानातून नागासाकीवरील तो ढग पाहत होते. त्या बॉम्बमुळे युद्ध थांबले, हे मत त्यांनी पुढेही सोडले नाही. परंतु युद्ध थांबल्यावर आपण काय करावयाचे, हा प्रश्न त्यांना सुटू देईना. १९४८ साली वायुदलात काम केलेला एक मरणोन्मुख कर्करोगी त्यांनी आपल्या घरी आणला, कारण त्यास दुसरे कोणी ठेवून घेईना. स्वतःच्या हातांनी त्याची शुश्रूषा केली. तो कॅथोलिक होता. त्याच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी, त्याच वर्षीच्या नाताळच्या पूर्वसंध्येस, चेशायर यांनी कॅथोलिक श्रद्धा स्वीकारली. त्या एका खाटेतून असाध्य रोगी आणि अपंग यांच्यासाठी चेशायर होम्स उभी राहिली. परदेशातील त्यांचे पहिले घर कोठे झाले? आपल्या महाराष्ट्रात, मुंबईच्या अंधेरीत, १९५० नंतरच्या त्याच दशकात. ५ एप्रिल १९५९ रोजी त्यांचा स्यू रायडर यांच्याशी विवाह झाला, तोही मुंबईच्या कॅथोलिक कॅथेड्रलमध्ये. १९९२ साली ते निवर्तले. ज्या माणसाच्या हाताने गावे उद्ध्वस्त केली, त्याच हाताने रोग्यांची अंगे पुसली. त्यास मरण आधी आले असते, सालबोनीच्या पोरांसारखे, तर आपणांस फक्त पहिला हात दिसला असता. जे परतले नाहीत त्यांचा दुसरा हात आपण कधी पाहिला नाही, एवढेच.

नातू म्हणाला, “हे माणसांचे झाले. पण त्या विमानांचे, त्या तळांचे काय? ती तर मारण्यासाठीच बांधली होती.” त्याचेही उत्तर आपल्याच देशात आहे. युद्ध संपल्यावर शाही वायुदलाने सुमारे शंभर लिबरेटर कानपूरच्या तळावर मोडून टाकली. अमेरिकेशी झालेल्या करारानुसार ती वापरात ठेवावयाची नव्हती. यंत्रे फोडली, काहींच्या इंजिनांत वाळू घातली, आणि ढीग सोडून इंग्रज निघून गेले. १९४८ पासून बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी त्या ढिगाऱ्यातून एकाचा भाग दुसऱ्यास जोडून विमाने उभी केली आणि चाचणी-वैमानिक जमशेद मुन्शी यांनी अशी चाळीसच्या आसपास विमाने कानपूरहून बंगळूरला उडवीत नेली. त्यांतून भारतीय वायुदलाचे पाचवे पथक सज्ज झाले आणि १९५१ पासून पुण्याच्या लोहगाव तळावर सहावे पथक लिबरेटरांतून समुद्रावर पहारा देऊ लागले. हाच लोहगाव तळ युद्धकाळात ब्रिटिश बॉम्बर पथकांचा होता. १९६८ साली ही विमाने निवृत्त झाली. त्यांतील एक १९७४ मध्ये भारताने ब्रिटनच्या शाही वायुदलाच्या संग्रहालयास भेट दिले. ते विमान १९४५ साली ‘मद्रास इलाखा’ असे नाव लाभलेल्या ९९ व्या पथकात होते. इंग्रजांनी टाकून दिलेली ही जात आपल्या कारागिरांनी वाचविली, म्हणून आज ती इंग्रजांनाही पाहावयास मिळते. मामा हे वाचून म्हणाले होते, “फिटर लोकांनी इतिहास जपला. लेखकांनी काय केले ते तू पाहा.”

आणि सोनेगाव? त्या मुक्कामाच्या तळाचे जे झाले, ते आम्हांस सर्वांत सुंदर वाटते. १९४९ च्या जानेवारीत रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून रात्री एकेक विमान पत्रांच्या थैल्या घेऊन निघे. चारही विमाने मध्यरात्रीनंतर सोनेगावला एकत्र येत, आपसांत थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटे आपापल्या गावी परतत. मद्रासच्या आईने लिहिलेले पत्र दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या मुलाच्या हाती पडे. युद्धाने ज्या कारणासाठी नागपूर निवडले, त्याच कारणासाठी टपालाने निवडले: देशाचा मध्य. पहिली विमाने युद्धातून उरलेली डाकोटाच होती. मामांना या विमानांच्या देखभालीचे काम मिळाले. रात्रपाळी ते आवडीने घेत. त्याचे कारण एकदा मामीला त्यांनी सांगितले: “येथे चार येतात आणि चार जातात.”

१२ डिसेंबर १९५३ च्या पहाटे मात्र आकडा चुकला. सोनेगावहून निघालेला एक डाकोटा थोड्याच वेळात कोसळला. तेरा माणसे मेली, केवळ वैमानिक वाचला. त्या नोव्हेंबरची चिठ्ठी आधीच पेटीत गेली होती. मामांनी डिसेंबरात दुसरी लिहिली. तेव्हा युद्ध नव्हते, शत्रू नव्हता, विमानात टपाल होते. पण फिटरला सर्व विमाने सारखीच असतात. जे वर गेले ते सुखरूप खाली यावे, एवढीच त्याची राजनीती.

काही वर्षांपूर्वी आम्ही पुण्यास गेलो असता खडकीच्या युद्ध-दफनभूमीत जाऊन आलो. मुळा नदीच्या काठी, होळकर पुलाजवळ ती आहे. पश्चिम आणि मध्य भारतात ज्या ज्या ठिकाणी कबरींची निगा कायम राहील याची खात्री नव्हती, तेथील दुसऱ्या महायुद्धातील मृतांना येथे एकत्र आणले. १,६६८ कबरी आहेत. सारे दगड एका उंचीचे, अधिकाऱ्याचा मोठा आणि शिपायाचा लहान असा भेद नाही. वायुदलाच्या माणसांच्या दगडावर पंख पसरलेला पक्षी. खाली वय: २१, २३, २०. काहींच्या खाली घरच्यांनी कोरावयास दिलेली एखादी ओळ. त्या आया आपल्या मुलाची कबर पाहावयास कधी येऊ शकल्या असतील का? बहुतेकींना ते शक्य झाले नसावे. येथील माळी गवत कापीत होता. आम्ही विचारले, “रोज कापता?” तो म्हणाला, “नाही तर दगड दिसेनासे होतील, साहेब.” स्मरणाविषयी याहून अधिक काही सांगण्यासारखे आहे असे आम्हांस वाटत नाही.

बंगालच्या धावपट्ट्यांवर आज गवतच आहे. कलाईकुंड्याला आपल्या वायुदलाचा तळ आहे. परंतु सालबोनी म्हटले की लोकांना आता आठवतो तो नोटांचा छापखाना. बिरसी आणि शिवणी येथे कोणी कोणत्या युद्धासाठी माती टाकली, हे सांगणारी माणसे उरलेली नाहीत म्हटले तरी चालेल. म्हणून या अंकाच्या वाचक कुटुंबांना आमची एक विनंती आहे. आपल्या घरात कोणी वायुदलात, रेल्वेत, लष्करी इस्पितळात, तळावरील भटारखान्यात काम केलेले असेल. कोणाच्या जुन्या ट्रंकेत एखादे पदक, पगाराचे पुस्तक, छायाचित्र असेल, तर त्यामागे नाव आणि साल लिहून ठेवा. ज्या आजीला कोणी सांगितलेले आठवत असेल, तिला या नाताळात विचारा. जमीन गेली त्यांची आठवण, खडी फोडली त्यांची आठवण, उडून गेले त्यांची आठवण, आणि ज्यांच्यावर आकाश कोसळले त्यांची आठवण, यांतील एकही गाळली तर उरते ती फक्त बढाई किंवा फक्त तक्रार.

आमचे एवढे बोलणे नातवाने शांतपणे ऐकून घेतले. त्याचे मत पालटले, असे आम्ही म्हणणार नाही; ते पालटावे असा आग्रहही नव्हता. त्याने आमच्या हातातील पेन मागून घेतले. मामांच्या दोन ओळी तशाच ठेवल्या. खाली आपल्या अक्षरात आणखी दोन लिहिल्या: ‘चिमूरचे. नागपूरच्या तुरुंगातले.’ थोडा वेळ थांबून आणखी एक ओळ जोडली: ‘बंगालच्या कुंपणाबाहेरचे.’ मग चिठ्ठीची घडी केली आणि रविवारी मिस्साच्या आधी स्वतःच ती पेटीत टाकली.